पदनामातला ‘आर्किटेक्ट’: २०२० चा निकाल आणि वास्तुविशारद कायद्यातील दुरुस्तीची जागा

उत्तर प्रदेशातील नोएडा प्राधिकरणाने २००५ साली कर्मचाऱ्यांच्या पदोन्नतीचे धोरण ठरवले, तेव्हा काही पदांच्या नावात ‘आर्किटेक्ट’ हा शब्द आला. मात्र त्या पदावर बसणाऱ्याचे नाव वास्तुकला परिषदेच्या नोंदवहीत असलेच पाहिजे, अशी अट आली नाही. कोणत्या पदाला काय म्हणायचे हा प्रश्न एरवी आस्थापना शाखेच्या एका टिपणीत मिटतो. इथे तो मिटला नाही. परिषदेची हरकत होती, वाद अलाहाबाद उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १७ मार्च २०२० रोजी न्या. धनंजय चंद्रचूड व न्या. अजय रस्तोगी यांच्या खंडपीठाने त्यावर निकाल दिला. वाद एका पदनामाचा होता, पण उत्तर देताना न्यायालयाला त्याहून मोठा प्रश्न हाताळावा लागला: वास्तुविशारदांचा कायदा नेमके कशाचे रक्षण करतो, त्यांच्या नावाचे की त्यांच्या कामाचे?

ज्या कायद्याभोवती हे सारे फिरते तो वास्तुविशारद अधिनियम १९७२ चा असून १ सप्टेंबर १९७२ पासून लागू आहे. त्याने वास्तुकला परिषद स्थापन केली, शिक्षणाच्या किमान दर्जाचे आणि व्यावसायिक वर्तनाचे नियम करण्याचा अधिकार तिला दिला आणि नोंदवही तिच्या हाती सोपवली. वास्तुविशारद कोण, तर ज्याचे नाव सध्या या नोंदवहीत आहे तो, एवढीच त्यात व्याख्या आहे. वास्तुविशारदाचे काम म्हणजे काय, याची व्याख्या कायद्यात कुठेही नाही. ही उणीव सुरुवातीला क्षुल्लक वाटते. पुढचा सगळा गुंता तिच्यातूनच निघालेला आहे.

कलम ३७ सांगते की नोंदणीकृत वास्तुविशारद किंवा वास्तुविशारदांची फर्म यांच्याखेरीज कोणीही ‘आर्किटेक्ट’ हे नामाभिधान वापरू नये. याला कायद्यानेच काही अपवाद केले आहेत. भूदृश्य रचनाकार म्हणजे ‘लँडस्केप आर्किटेक्ट’ आणि जहाजांचे आराखडे करणारा ‘नेव्हल आर्किटेक्ट’ हे दोघे त्यात येतात, तसेच केंद्र सरकारची पूर्वपरवानगी घेऊन विशिष्ट प्रकल्पासाठी काम करणारा परदेशी वास्तुविशारदही येतो. माहिती तंत्रज्ञानातल्या ‘सॉफ्टवेअर आर्किटेक्ट’चे नाव या यादीत असणे १९७२ साली शक्यच नव्हते, आणि कलम शब्दशः वाचायचे ठरवले तर हजारो व्हिजिटिंग कार्डे अडचणीत येतील. कलम कोणी तसे वाचत नाही, हे बरेच आहे. पण कायदा शब्दाला जपतो आणि शब्द मात्र कायद्याला न जुमानता फिरत राहतो, हे यातून दिसते. कलम मोडल्यास पहिल्या वेळी दंड कमाल ५०० रुपये. पुन्हा गुन्हा सिद्ध झाल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय परिषदेने किंवा तिने अधिकार दिलेल्या व्यक्तीने तक्रार केल्याशिवाय न्यायालय अशा गुन्ह्याची दखल घेऊ शकत नाही.

नोएडाच्या प्रकरणात प्रश्न दोन होते आणि ते वेगवेगळे ठेवूनच निकाल वाचावा लागतो. पहिला असा की, नोंदणी नसलेल्या व्यक्तीला कलम ३७ वास्तुविशारदाचे काम करण्यापासून रोखते, की फक्त ते नाव लावण्यापासून? दुसरा असा की, नाव लावण्यापुरतीच मनाई असली, तरी ज्या सरकारी पदाच्या नावातच ‘आर्किटेक्ट’ आहे, त्यावर नोंदणी नसलेला माणूस नेमता येईल का? उच्च न्यायालयाने पहिल्या प्रश्नावर फक्त नावाला मनाई आहे असे म्हटले आणि दुसऱ्यावर नेमणूक चालेल असे. सर्वोच्च न्यायालयाने पहिले उत्तर कायम ठेवले आणि दुसरे फिरवले.

पहिल्या उत्तरामागची कारणमीमांसा सुधारणेच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची आहे. न्यायालयाने १९७२ च्या कायद्याची भाषा इतर व्यवसायांच्या कायद्यांशेजारी ठेवून पाहिली. १९६१ चा अधिवक्ता अधिनियम वकिली करण्याचा हक्क नोंदणीकृत अधिवक्त्यांनाच देतो आणि बाकीच्यांना ती करण्यास मनाई करतो. १९५६ च्या वैद्यक परिषद कायद्यात राज्याच्या नोंदवहीत नाव नसलेल्याने वैद्यकीय व्यवसाय करू नये, असे थेट म्हटले होते. त्या दोन्ही ठिकाणी मनाई ‘करण्या’ची आहे; कलम ३७ मध्ये ती ‘म्हणवण्या’ची आहे. संसदेला कामावर बंदी घालायची असती तर ती कशी घालायची हे तिला ठाऊक होते, असा याचा सरळ अर्थ होतो. विधेयकाच्या उद्देशांतही हेच होते: हा कायदा वास्तुविशारद या नावाला संरक्षण देतो, इमारतींचे आराखडे करण्याचा, देखरेखीचा वा बांधण्याचा एकाधिकार देत नाही, आणि अभियंत्यांसारखे इतर व्यावसायिक स्वतःला वास्तुविशारद म्हणवून न घेता आपले नेहमीचे काम करत राहतील. या व्यवसायातल्या अनेकांना हा निकाल म्हणजे पायाखालची जमीन सरकल्यासारखा वाटला. माझ्या मते जमीन १९७२ सालीच तिथे नव्हती. न्यायालयाने ती नसल्याचे फक्त मोठ्याने सांगितले.

दुसऱ्या प्रश्नावर कलम ३५ चाही विचार करायला हवा. केंद्र किंवा राज्य सरकारच्या, स्थानिक संस्थेच्या अथवा सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या संस्थेच्या सेवेत वास्तुविशारद म्हणून नेमणूक करताना नोंदणीकृत व्यक्तीला प्राधान्य द्यावे, असे त्यात आहे. ‘प्राधान्य’ हा शब्द ऐकला की प्रशासनाला पळवाट दिसते: प्राधान्य म्हणजे सक्ती नव्हे, मग नोंदणी नसलेलाही चालेल. पण कलम ३७ जर सर्वांनाच लागू असेल, तर सरकार एखाद्याला त्या नावाचे पद देऊन, त्याला स्वतःला जे लावता येत नाही ते नाव कसे बहाल करणार? पाटीवर ते नाव वाचून आत येणाऱ्या नागरिकाला समोरचा माणूस पात्र वास्तुविशारद आहे असेच वाटणार, आणि कायद्याला टाळायची आहे ती नेमकी हीच दिशाभूल. म्हणून नोंदणी नसलेली व्यक्ती अशा नावाच्या पदावर राहू शकत नाही, असे ठरले. नाव बदलून त्यातून ‘आर्किटेक्ट’ हा शब्द काढण्याची मुभा मात्र नोएडाला राहिली. म्हणजे तोच माणूस तेच काम त्याच खोलीत बसून करू शकतो. बदलावी लागेल ती दारावरची पाटी.

कायद्याच्या चौकटीत यापेक्षा वेगळा निकाल लागणे कठीण होते, आणि नेमके म्हणूनच तो कायद्याची मर्यादा इतकी स्वच्छ दाखवतो. तिचे सर्वात टोकाचे रूप शिस्तभंगाच्या तरतुदीत आहे. व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार सिद्ध झाल्यास परिषद वास्तुविशारदाला ताकीद देऊ शकते, वास्तुविशारद म्हणून व्यवसाय करण्यापासून निलंबित करू शकते किंवा त्याचे नाव नोंदवहीतून काढू शकते. आता २०२० चा निकाल शेजारी ठेवून पाहावे. नाव कमी झालेल्या माणसाने लेटरहेडवरचा एक शब्द खोडला, ‘डिझाइन सल्लागार’ असे लिहिले आणि काम चालू ठेवले, तर १९७२ च्या कायद्यात त्याला अडवणारे काही उरत नाही. स्थानिक नियमांनी अडवले तर अडवले. उलट, जो प्रामाणिकपणे नोंदणी टिकवतो, तोच परिषदेच्या शिस्तीखाली राहतो. ज्याने कधी नोंदणीच केली नाही, त्याच्याविरुद्ध ग्राहकाला परिषदेकडे व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार करता येत नाही. त्याच्यासाठी करारभंगाचा दावा किंवा ग्राहक आयोग, एवढेच मार्ग उरतात. जबाबदारी स्वीकारणाऱ्यावर बंधन आणि टाळणाऱ्याला मोकळीक, अशी ही उलटी रचना आहे.

कागदावरचा हा मुद्दा प्रत्यक्षात कसा दिसतो ते परवानगीसाठी दाखल होणाऱ्या कुठल्याही नकाशावर पाहता येते. उजव्या बाजूला खालच्या कोपऱ्यात चौकट असते. त्यात प्रकल्पाचे नाव, भूखंडाचा क्रमांक, क्षेत्रफळाचा तक्ता, मालकाची सही आणि शेवटी वास्तुविशारदाची सही व शिक्का. शिक्क्यात ‘सीए’ या अक्षरांनी सुरू होणारा, नोंदणीचे वर्ष आणि अनुक्रम दाखवणारा क्रमांक. वरचा सगळा कागद कोणी काढला, जिना कुठे ठेवायचा हे कोणी ठरवले, स्तंभांच्या जागा कोणाशी बोलून पक्क्या केल्या, यातले काहीही त्या चौकटीत दिसत नाही. ते काम एखाद्या अनुभवी ड्राफ्ट्समनने केलेले असू शकते, एखाद्या स्थापत्य अभियंत्याने केलेले असू शकते, आणि शिक्का मारणाऱ्याने जागा एकदाही पाहिलेली नसू शकते. ‘सहीपुरता आर्किटेक्ट’ हा शब्दप्रयोग व्यवसायात सगळ्यांना कळतो, याचाच अर्थ ती वस्तुस्थिती ओळखीची आहे. प्रस्ताव ऑनलाइन दाखल होऊ लागल्यावर शाईचा शिक्का गेला आणि डिजिटल सही आली. तिची छोटी किल्ली ज्याच्या संगणकाला लावलेली असते, तो आणि ती ज्याच्या नावाची असते तो, हे दोघे एकच असतील याची हमी मात्र आली नाही.

मग कामावर खरे नियंत्रण कोण ठेवते? ते विखुरलेले आहे. वकिली, वैद्यक आणि इतर व्यवसाय हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, तर जमीन आणि स्थानिक स्वराज्य संस्था राज्यसूचीत. त्यामुळे व्यावसायिक कोण हे केंद्राचा कायदा ठरवतो आणि नकाशावर कोणाची सही चालेल हे राज्याचे व महापालिकांचे नियम ठरवतात. मुंबईत १८८८ च्या महानगरपालिका कायद्यापासून परवानाधारक सर्व्हेअर नावाची जात आहे. वास्तुविशारद कायद्याहून ती आठ दशकांहून जास्त जुनी. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीतही वास्तुविशारदांबरोबर परवानाधारक अभियंते व इतर तांत्रिक व्यक्तींना पात्रतेनुसार काम करता येते. कामाची वाटणी, तीही मोठ्या व लहान इमारतींच्या हिशेबाने, या नियमांत आधीपासूनच आहे. १९७२ च्या केंद्रीय कायद्याला तिचा पत्ता नाही.

याच मार्गाने २०१६ चा स्थावर संपदा कायदा, म्हणजे बोलीभाषेतला रेरा, आणखी पुढे गेला आहे. त्याने वास्तुविशारदाची व्याख्या १९७२ च्या कायद्यातील नोंदणीशी जोडली आणि मग त्याच्याकडे ठरावीक काम सोपवले: प्रकल्पाच्या स्वतंत्र बँक खात्यातून विकासकाला पैसे काढायचे असतील तर ते कामाच्या प्रगतीच्या प्रमाणात असल्याचे प्रमाणपत्र अभियंता, वास्तुविशारद आणि सनदी लेखापाल या तिघांनी द्यायचे. महाराष्ट्रात वास्तुविशारदाचे हे प्रमाणपत्र नमुना १ म्हणून ओळखले जाते. इथे नोंदणीचा उपयोग नाव मिरवण्यासाठी होत नाही. एका विशिष्ट कागदावर सही करणारा कोण, आणि ती खोटी ठरली तर पकडायचे कोणाला, हे त्यातून ठरते. सुधारणेचे बीज मला इथे दिसते, नोंदवहीच्या भिंती उंच करण्यात नाही.

व्यवसायातली जुनी मागणी मात्र त्या भिंतींचीच आहे: कलम ३७ मध्ये ‘नाव’ या शब्दाजागी ‘व्यवसाय’ घाला, म्हणजे प्रश्न सुटेल. तो सुटणार नाही. एक तर ‘व्यवसाय’ म्हणजे काय याची व्याख्या करावी लागेल, आणि ती करायला बसले की अंतर्गत सजावट, नगररचना, स्थापत्य अभियांत्रिकी, भूदृश्य आणि साधी दुरुस्ती यांच्या सीमा एकमेकींत घुसलेल्या आढळतील. दुसरे म्हणजे या देशातली असंख्य घरे कोणत्याही वास्तुविशारदाच्या टेबलावरून जात नाहीत. गवंडी, मालक आणि फार तर गावातला अभियंता एवढ्यावर ती उभी राहतात. त्या सगळ्या कामाला एका रात्रीत बेकायदा ठरवले तर गवंडी थांबणार नाही. फक्त त्याच्या नकाशाखाली एक विकत घेतलेली सही येईल. सहीपुरत्या वास्तुविशारदांचा बाजार तेजीत आणण्याचा याहून खात्रीचा उपाय नाही.

नामरक्षणाचा हा साचा मूळचा ब्रिटिश आहे, त्यामुळे तिकडे काय झाले हे पाहणे उपयोगाचे ठरते. ब्रिटनमध्ये १९३१ च्या कायद्याने नोंदवही आणली, १९३८ च्या कायद्याने ‘आर्किटेक्ट’ हे नाव नोंदणीकृतांपुरते राखून ठेवले. १९९३ मध्ये सरकारी चौकशीतून हे संरक्षण काढूनच टाकावे अशी शिफारस पुढे आली. ती अखेर अमलात आली नाही आणि १९९७ च्या कायद्यात नामरक्षण कायम राहिले. त्याच्या अपवादांत जहाजांचे आणि भूदृश्याचे रचनाकार आहेतच, शिवाय गोल्फ मैदानाचे रचनाकारही आहेत. काम मात्र तिथेही सर्वांना खुले राहिले. मग १४ जून २०१७ रोजी लंडनमधील ग्रेनफेल टॉवरला आग लागून ७२ माणसे गेली, आणि चर्चा नावापासून सरकली. २०२२ च्या इमारत सुरक्षा कायद्याने वास्तुविशारदांच्या नोंदणी मंडळाला सभासदांच्या चालू सक्षमतेवर लक्ष ठेवण्याचा अधिकार दिला. इमारत नियमांत मुख्य रचनाकार, मुख्य ठेकेदार आणि बांधकाम करवून घेणारा यांची वेगवेगळी कर्तव्ये लिहिली गेली आणि उंच निवासी इमारतींना वेगळी, कडक वाट घालून दिली. मुख्य रचनाकार हा वास्तुविशारदच असावा असा आग्रह त्यात नाही. तो सक्षम असावा आणि त्याचे नाव कागदावर असावे, हा आहे.

फ्रान्सने १९७७ च्या कायद्यापासून वेगळा रस्ता धरला आहे. बांधकाम परवानगीच्या प्रकल्पासाठी वास्तुविशारद सक्तीचा, पण स्वतःसाठी बांधणाऱ्या व्यक्तीला ठरावीक क्षेत्रफळापर्यंत सूट. ही मर्यादा आज १५० चौरस मीटर आहे. क्षेत्रफळाची मर्यादा मोजायला सोपी असते हा तिचा गुण, आणि तिच्या अगदी काठावर घर बसवण्याचा मोह होतो हा दोष. उतारावरचे १४० चौरस मीटरचे घर सपाट जमिनीवरच्या २०० चौरस मीटरच्या घरापेक्षा जास्त अवघड असू शकते, हे क्षेत्रफळाला कळत नाही.

भारतात दुरुस्ती करायची तर माझ्या मते ती कलम ३७ पासून सुरू होऊ नये. आधी कायद्यात ‘राखीव कृती’ असे एक प्रकरण यावे: सार्वजनिक वापराच्या आणि उंच इमारतींचे परवानगीसाठीचे आराखडे प्रमाणित करणे, काम आराखड्यानुसार झाल्याचे प्रमाणपत्र देणे, रेरासारख्या कायद्यांनी मागितलेली प्रमाणपत्रे देणे. या कृती कोणी करायच्या हे ठरवताना पात्र अभियंत्यांना वगळू नये. मात्र त्यांनाही अशाच नोंदवहीखाली आणावे लागेल, आणि इथे मोठी अडचण आहे, कारण देशात अभियंत्यांच्या नोंदणीचा केंद्रीय कायदाच नाही. उंबरठा ठरवताना क्षेत्रफळाबरोबर उंची, वापर आणि भूकंपप्रवण क्षेत्र पाहावे. उंबरठ्याखालच्या घराला मोकळे ठेवावे, गवंड्यालाही.

दुसरी दुरुस्ती शिस्तीच्या कलमात हवी. ज्याचे नाव गैरवर्तनासाठी कमी झाले, त्याला त्या काळात राखीव कृती दुसऱ्या कोणत्याही नावाखाली करता येणार नाही, हे एका वाक्यात लिहिता येते. सही विकणे हे स्वतंत्र गैरवर्तन म्हणून नोंदवावे आणि सही करणाऱ्याने जागा कधी पाहिली, आराखडा कोणाकडून आला, याची लेखी नोंद ठेवणे बंधनकारक करावे. ५०० रुपयांच्या दंडाबद्दल वेगळे काही सांगायला नको. नकाशाच्या एका प्रिंटचा खर्च आणि तो दंड यांतले अंतर दरवर्षी कमी होत चालले आहे. कलम ३७ मधील ‘वास्तुविशारदांची फर्म’ या शब्दांनाही आता हात लावावा लागेल, कारण वास्तुविशारद, अभियंते आणि सेवा सल्लागार एकाच कंपनीत काम करतात, अशी रचना १९७२ च्या मसुदाकारांसमोर नव्हती.

प्रवेशद्वाराशी कायदा तुलनेने भक्कम आहे. कोल्हापूरच्या एका वास्तुकला महाविद्यालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये वास्तुकला शिक्षणाच्या बाबतीत अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेऐवजी वास्तुकला परिषदेचा शब्द अंतिम मानला. मात्र पदवी हाती आल्यावर नोंदणीसाठी कायद्यात स्वतंत्र परीक्षा नाही, आणि नोंदणी टिकते ती नूतनीकरणाचे शुल्क भरून. तीस वर्षांपूर्वीच्या पदवीवर आज तीस मजली इमारतीचा अग्निसुरक्षा आराखडा प्रमाणित करता येतो का, हे कोणी विचारत नाही.

या मांडणीने नोएडाचे मूळ प्रकरण पुन्हा तपासले तर प्रश्नच बदलतो. त्या पदाच्या नावात कोणता शब्द आहे हे दुय्यम ठरते. त्या पदावरचा अधिकारी खासगी वास्तुविशारदाने दाखल केलेला नकाशा तपासून मंजुरीची शिफारस करतो का, हे पाहावे लागते. करत असेल, तर ती शिफारसही राखीव कृतींच्या यादीत यायला हवी, कारण तिच्या जोरावरच इमारत उभी राहते. आज दाखल करणाऱ्याकडे नोंदणी क्रमांक मागितला जातो आणि तपासणाऱ्याकडे मागितला जातोच असे नाही. २००५ च्या धोरणावरची हरकत योग्य होती, पण तिच्या हाती असलेले कलम पदनामापलीकडे पोहोचू शकले नाही, आणि निकालानंतरही नकाशाच्या मंजुरीच्या बाजूची ती सही पूर्वीइतकीच अनियंत्रित राहिली आहे.